सिग्नल एक, कलमं दोन

लाल सिग्नल तोडला तर दंड व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल वादच नाही. पण तो किती व्हायचा हे बऱ्याचदा चौकात उभा असलेला ट्रॅफिक पोलीस ठरवतो आणि हे मला फार खटकतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ११९ आणि १७७ लावलं तर पहिल्या वेळी ५०० रुपये, विषय संपला. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर तोच सिग्नल कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्येही बसतो, आणि तिथे १००० ते ५००० दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. गाडी तीच, सिग्नल तोच, पोलिसाने चलानच्या मशीनवर कुठलं कलम निवडलं त्यावर सगळं.

आणि तिसरी वाट म्हणजे 'जा, परत असं करू नको'. ही वाट बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, कुणी आजारी आईला घेऊन दवाखान्यात निघालं असेल तर सोडायलाच पाहिजे, तेवढी माणुसकी वर्दीत हवीच. प्रश्न आहे तो कुणाला सोडतात याचा. मागच्या पावसाळ्यात एका चौकात बघितलं, डिलिव्हरीवाल्या पोराला बाजूला घेतलं, पाठीवरची बॅग भिजतेय, फोनवर कस्टमर ओरडतोय, तो "साहेब, पहिलीच वेळ आहे" म्हणत राहिला आणि पावती फाडलीच. दोन मिनिटांनी तिथेच एका मोठ्या गाडीची काच खाली झाली, आतून कुणाचंतरी नाव आलं आणि गाडी सुटली. त्या पोराने हे सगळं बघितलं हो!

चलान झालं की फोटो, वेळ, ठिकाण, सगळं राहतं. सोडलेल्याचं चलानच होत नाही, मग कोण सुटलं आणि का, हे वरच्या साहेबांनी तपासायचं कशावरून? माझं म्हणणं एवढंच, अडवलेल्या प्रत्येक गाडीची एंट्री करा, सोडलं तरी करा, आणि कारण एका ओळीत टाका. मशीन हातातच असतं.

शिवाय जागेवर भरतो ती कलम २०० खालची तडजोडीची रक्कम असते, मान्य नसेल तर ती न भरता कोर्टात जाता येतं. पैसे घ्यायच्या आधी हे माणसाला सांगायला हवं, त्या पोराला तर कुणी सांगितलं नव्हतं.