तुम्ही विचारलंत म्हणून: भुतांचा डॉक्टर कोकणात का नाही?

माझी कादंबरी अजून अर्धीच झालीय, पण तिच्यातला भुतांचा डॉक्टर मित्रमंडळींना तोंडपाठ झालाय. प्रत्येकाचा प्रश्न एकच: ‘याला १७३२ सालच्या सर्बियात कशाला नेऊन बसवलंत? आपल्या कोकणात काय भुतांची वानवा आहे?’

वानवा कसली! मुंजा, हडळ, समंध, खवीस, चकवा... अडचण एवढीच की त्यांतल्या एकालाही चिरफाडीसाठी टेबलावर आडवं घालता येत नाही. आपल्याकडे बहुतेक मढी जाळतात. मागे उरते ती वासना, आणि वासनेला सुरी कुठे लावणार? वेताळ मढ्यात शिरतो खरा, पण तो तिथला भाडेकरू. आणि आरवलीच्या वेतोबाचं तर नावच काढू नका, तो देव आहे. (त्याला वाहिलेल्या चपलांचे तळ रात्रीच्या फेऱ्यांनी झिजतात म्हणे. माझा डॉक्टर ती झीज मोजत बसला असता.)

सर्बियात मढं पुरतात, आणि पुरलेलं उकरता येतं. मेद्वेजा गावात माणसं पटापट मरायला लागली, लोकांनी व्हॅम्पायरचं नाव घेतलं, आणि जानेवारी १७३२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यातला सर्जन योहान फ्ल्यूकिंगर थडगी उघडायला गेला. त्याच्या अहवालात मला माझा डॉक्टर सापडला. साठ वर्षांची मिलित्सा, पुरून नव्वदच्या वर दिवस झालेले. जन्मभर काटकुळी असलेली बाई थडग्यात अंगाने भरलेली पाहून जमलेले लोक चक्रावले. छातीत पातळ रक्त. दुसऱ्या एकीची कातडी आणि नखं गळून खाली नवी दिसत होती.

यातलं काहीच खोटं नसावं. पोटातल्या जंतूंनी वायू तयार केला की मढं फुगतं, गोठलेलं रक्त पुन्हा पातळ होऊ शकतं, वरची कातडी सुटली की आतली ताजी वाटते, थंडीत कुजणं लांबतं. पण जंतू कुजवतात हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. फ्ल्यूकिंगरने पाहिलं ते नीट लिहिलं आणि शेरा मारला: व्हॅम्पायर. मग मुंडकी छाटली, धडं जाळली, राख मोराव्हा नदीत.

माझा डॉक्टर म्हणजे त्याच्या हाताखालचा एक कल्पित मदतनीस. त्याचं जग रचताना पथ्य एकच: त्याच्या वहीत चुकीची नोंद एकही नको आणि बरोबर निष्कर्षही एकही नको. हे फार जड जातं. दर दोन पानांनी त्याला शहाणं करावंसं वाटतं.

१७५५ मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचे वैद्य व्हान स्वीटेन यांनी हे सगळं थोतांड ठरवलं, आणि राणीने प्रेतं उकरून जाळण्यावर बंदी आणली. तोवर माझा मदतनीस म्हातारा झालाय. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचते, त्या प्रकरणाशी मी अडलोय. समोर तेवीस वर्षांच्या वह्या, नोंदी सगळ्या बरोबर. त्या तो जाळतो की पुरतो, ते काही ठरेना.