ऊठ, वाट अजून लांब आहे

कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत मी ठीक होते. पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी पाणी प्यायलो, पेडणे मागं पडलं, धारगळ कधी गेलं ते आठवत नाही. जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला पायी निघालो होतो. बांद्याहून निघाल्यापासून महामार्गच पायाखाली. नोव्हेंबर संपत आला तरी दुपारचं डांबर तव्यासारखं तापलेलं. कडेनं ट्रक जायचा तेव्हा तेर्साचे, जपमाळेच्या प्रार्थनेचे, शब्द तोंडातच राहायचे.

आमच्या पंधराजणांच्या तुकडीपुढे टेम्पोवर कर्णा. एकच गीत पुन्हा पुन्हा. सकाळी त्याच गीतानं डोळे भरून आले होते, म्हापसा जवळ येईपर्यंत ते बंद व्हावं म्हणून मी प्रार्थना करत होते. खरंच करत होते.

बाबा जुलैमध्ये गेले. शेवटचे सात महिने ते रात्री हाक मारायचे, ‘बाय’. पाणी हवं असायचं, कूस बदलायची असायची, कधी नुसतंच. ते गेल्यावरही रोज दोनला मला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. त्यांच्या महिन्याच्या मिस्साच्या, चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या, पत्रिकेवर मत्तयाची ओळ मीच निवडली होती : ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ आमच्या घरी तेर्स कोंकणीत, पण शाळा मराठी, त्यामुळे बायबल मी मराठीतच वाचते. विसावा हा शब्द मला कुठेही भेटतो. पंढरीच्या वाटेवर पालखी विसाव्याला थांबते, आणि तिरडी खाली ठेवतात ती जागाही विसाव्याचीच. पत्रिका छापून आली आणि पहिल्यांदा वाटलं, बाबांना मिळाला. मला कधी?

म्हणून चालायला निघाले. सायबाकडे नवस नव्हता. झोप मागायची होती.

गिरीच्या अलीकडे डाव्या टाचेचा फोड फुटला. त्याआधी सुई-दोरा घालून पाणी काढलं होतं, पण मोजा चिकटला आणि प्रत्येक पावलाला कळ मस्तकात जायला लागली. पुढारी म्हणाले, ‘सायबाचं नाव घ्या आणि चला.’ मला इतका राग आला की मी बोललेच नाही. तुम्ही व्हा पुढे, अशी हातानंच खूण केली. कर्णा लांब गेला. मी एका घराच्या कुंपणाला धरून उभी राहिले.

अंगणात तुळशीवृंदावन. तुळशीच्या लग्नातले ऊस अजून बांधलेले, पानं वाळून पिवळी पडलेली. एक म्हातारी बाहेर आली, माझ्या गळ्यातल्या रोझरीकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं.

‘सायबाच्या फेस्ताक गो? बस.’

नाव विचारलं नाही. बादलीत कोमट पाणी आणि मीठ. पाय बुडवले तेव्हा मी ओरडले असेन, कारण आतून एक मूल डोकावून गेलं. मग पेज आली, सोबत चेपणीच्या तोराची, खारवलेल्या कैरीची, फोड. मी ती संपवली आणि निघते म्हणाले.

‘मातशें न्हिद गो. सायब खंय वचना.’ थोडं नीज, सायब कुठे जात नाही.

ओसरीवर चटई टाकली. कोपऱ्यात नारळ, भिंतीला टेकवलेली केरसुणी, माजघरात कुणीतरी भांडी घासत होतं. मी पडले. त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही. दोन वाजताची दुपार होती, हे नंतर ध्यानात आलं.

जाग आली ती हाकेनं. ‘बाय.’

क्षणभर घरीच आहे असं वाटून मी पाणी द्यायला उठले. समोर म्हातारी, हातात पेजेचा दुसरा वाडगा.

‘उठ गो बाय, जेव. वाट पयस आसा.’

अंगावर काटा आला. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या भीतीनं रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपतो. देवदूत शिवून उठवतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो : ऊठ, खा, वाट लांब आहे. मग होरेब, देवाचा डोंगर, चाळीस दिवस आणि चाळीस रात्री. मरण मागणाऱ्या माणसाला देवदूत रागावत नाही, धीर धर असंही सांगत नाही. खायला देतो आणि निजू देतो. देवाची मंद वाणी ऐकू येते ती पुढे, होरेबवर. हा अध्याय मी किती वेळा वाचला असेन! दरवेळी त्या वाणीकडे धावत गेले, भाकरीपाशी थांबलेच नव्हते.

ओसरीवर बसून, पेज निवत असताना, देव जवळ आहे हे मला कळलं. हातातल्या वाडग्याचं ऊन कळावं, तसं. रडले. म्हातारी माझ्या टाचेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधत राहिली.

पर्वरीत तुकडी गाठली. पणजी रात्रीच ओलांडली. रायबंदरचा सतराव्या शतकातला ३ किलोमीटरांहून लांब बांध पहाटे चाललो, मांडवीवर धुकं होतं, कर्णा बंद होता, आणि पुढारी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन न बोलता शेजारून चालत होते.

जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चला मोठी रांग. मध्ये घुसणाऱ्या एका कुटुंबाशी मी भांडले. मग सायबाचं शरीर ठेवलेली चांदीची पेटी दिसली, उंचावर, आणि भांडण विरलं. १५५२च्या ३ डिसेंबरला सायब गेला तो चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर. जिथे जायचं होतं ती भूमी समोर होती, तिथे तो पोहोचलाच नाही. त्याच्यापुढे मी काही मागितलं नाही. बाबांचं नाव घेतलं, त्या म्हातारीचं नाव ठाऊक नव्हतं म्हणून तिचे ऊस बांधलेले वृंदावन आठवलं.

मिस्साला मांडवात सतरंजीवर बसले. प्रवचन सुरू झालं तेवढं आठवतं. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी माझ्या डोक्याखाली सरकवली असावी, कारण जाग आली तेव्हा गालावर तिच्या विणीचे वळ होते आणि लोक ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊन परतत होते.