जिताड्याने खाद्य नाकारले ती सकाळ

अलिबाग तालुक्यातील खाडीकाठच्या एका मत्स्यशेतीत मी तलावांची देखरेख करत असताना, परतीच्या पावसाने तीन दिवस मुक्काम ठोकल्यानंतरच्या सकाळी, सात वाजता जिताड्यांसाठी टाकलेले तरंगते खाद्य जसेच्या तसे बांधाला लागलेले दिसले. एरवी पहिली ओंजळ पडताच पाण्यावर फटके बसू लागतात. त्या दिवशी तलाव स्तब्ध होता.

मालकांना खाद्याची शंका आली आणि मला क्षारतेची, कारण पृष्ठभागावर ती ४ पीपीटीपर्यंत, म्हणजे हजार भाग पाण्यात चार भाग क्षारांपर्यंत, उतरली होती. माझा तर्क खरे तर लंगडाच होता, कारण जिताडा गोड्या पाण्यापासून समुद्रापर्यंत कुठेही जगतो. मीटरची तार तळाशी सोडली तेव्हा तिथली क्षारता १७ आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला जेमतेम २ मिलिग्रॅम निघाला. हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे बसल्याने वरचा प्राणवायू खाली उतरत नव्हता, ढगांमुळे सूक्ष्म वनस्पतींनीही दिवसा तो फारसा तयार केला नव्हता आणि रात्री वीज गेल्याने पाण्यात हवा मिसळणारे एरेटर बंद होते. अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो, त्यामुळे तो अपुरा असताना मासा तोंड फिरवतो, हे त्याचे शहाणपणच म्हणायचे.

तक्त्यात वजनानुसार लिहिलेले खाद्य मी थांबवले, कारण न खाल्लेले खाद्य कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवते. खाडीचे पाणी आत घ्यावे, तर नेमका अष्टमीचा भांग, म्हणजे भरती कमी चढण्याचे दिवस; ती उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दाराच्या, उंबऱ्यापर्यंतही चढत नव्हती. तेव्हा बांधावर राबणारे काका म्हणाले, "साहेब, भरतीची वाट कशाला बघता? ओहोटीला वरच्या फळ्या काढा, गोडं पाणी आपसूक जाईल." हे मला सुचायला हवे होते. दुपारच्या ओहोटीत दोन फळ्या काढून वरचा थर खाडीत सोडला आणि जनित्रावर एरेटर रात्रभर चालवले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. सकाळी खाद्य दिलेच नाही. उन्हाच्या दिवशी तलावात प्राणवायू दुपार कलल्यावर सर्वाधिक असतो आणि जिताडाही तिन्हीसांजेला शिकारीला निघणारा, म्हणून सहाच्या सुमारास निम्मेच खाद्य घेऊन आम्ही बांधावर गेलो. पहिली ओंजळ थोडा वेळ नुसतीच तरंगत राहिली. मग उघाडीजवळ एक फटका ऐकू आला, आणि काकांनी मला न विचारताच दुसरी ओंजळ भिरकावली.