मोनेचा सूर्य गायब झाला!

आज ऑइल पेंटिंगचा पाचवा क्लास झाला, अजून हाताला टर्पेंटाईनचा वास येतोय. मॅडमनी फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं १८७२ चं फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराचं चित्र कॉपी करायला दिलंय, 'इम्प्रेशन, सनराईज'. आजवर मला ते नुसतं सूर्योदयाचं चित्र वाटायचं, पण रंगवायला बसल्यावर दिसलं की मागे सगळ्या क्रेन, डोलकाठ्या आणि धूर सोडणारी धुराडी आहेत, अख्खं राबणारं बंदर आहे ते! काळा रंग वापरायचा नाही असं मॅडमनी बजावलेलं, म्हणून अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट सिएना हा तपकिरी आणि पांढरा घालत घालत तो धुरकट करडा जमायला तासभर गेला, पण खालचा थर ओला असतानाच वरून ब्रश फिरवला ना, की धूर आपोआप आकाशात विरघळतो, खरंच काटा आला अंगावर. मग केशरी सूर्य, एकच ठिपका. मॅडम म्हणाल्या, मोबाईलवर फोटो काढ आणि ब्लॅक अँड व्हाईट कर. केला तर सूर्य जवळपास गायब! उजेड आकाशाइतकाच, फरक फक्त रंगाचा, आणि मूळ चित्रातही असंच होतं. कितीतरी वेळ फोन हातात धरून बघत बसले होते मी. पाण्यातलं केशरी प्रतिबिंब आता पुढच्या रविवारी.