उजेडात पोहोचावं

ऑक्टोबरात डोंगर रंगले की वॉशिंग्टन-बाल्टिमोरकडच्या मराठी मंडळींचे वेस्ट व्हर्जिनियातल्या केबिनचे बेत शिजू लागतात. आणि बहुतेक बेत फसतात ते निघण्याच्या वेळेपायी. शुक्रवारी कामं उरकून पाचला निघायचं, वाटेत जेवायचं आणि रात्री अकराला कुलूप उघडायचं. हॉटेलात हे खपून जातं, तिथे काउंटरवर माणूस असतो. लाकडी केबिन मात्र दिवसाउजेडी बघून घ्यायची चीज आहे.

रस्ताही अंधारातला नाही. व्हर्जिनियातलं स्टॉंटन सोडलं की २५० क्रमांकाचा रस्ता एकामागून एक डोंगर चढत-उतरत जातो आणि संध्याकाळी त्यावर हरणं बिनधास्त उतरतात. त्यांचा माजाचा काळ नेमका हाच. पेट्रोल मॉन्टेरी गावातच भरून घ्यावं. पुढे ग्रीन बँक या गावाच्या आसपास फोन मुका होतो. त्यात फोन कंपनीचा दोष नाही. आकाशातल्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण तिथे आहे, आणि तिच्यासाठी १९५८ पासून सुमारे १३,००० चौरस मैलांवर रेडिओ प्रक्षेपणाला निर्बंध आहेत. आजच्या दुर्बिणीची तबकडी १०० मीटर रुंद आहे. तिच्यापुढे आपल्या फोनचं काय चालणार? तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि केबिनचा नंबर व कुलपाचा आकडा चक्क कागदावर लिहून घ्यावा.

मार्लिंटन गावाच्या दक्षिणेला वाटोगा स्टेट पार्क आहे. तिथल्या जुन्या केबिनी महामंदीतल्या. १९३३ ते १९४२ या काळात ‘सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर’ या सरकारी योजनेत बेकार पोरांनी त्या बांधल्या; त्यांना महिना ३० डॉलर मिळत, त्यांतले २५ बहुधा परस्पर घरी जात. आपल्याकडे दुष्काळी कामांतून पाझर तलाव झाले, तशा इथे मंदीतून केबिनी झाल्या. ओंडक्यांमधल्या फटी गिलाव्याने बुजवलेल्या असतात. पण लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, गिलावा जागचा हलत नाही. त्यामुळे बारीक भेगा राहतातच. थंडी पडू लागली की त्यांतून तपकिरी, चपटे किडे आत येतात. ते चिरडू नयेत. चिरडले की उग्र कोथिंबिरीचा वास सुटतो आणि मग खरी कोथिंबीर घातलेलं पोह्याचं ताटही नकोसं होतं. कागदावर घेऊन बाहेर टाकावेत.

सामान उतरवण्याआधी फायरप्लेसमध्ये वाकून, मान वर करून धुराड्यातली लोखंडी झडप, म्हणजे डँपर, बघावी. दांडा पुढे ओढल्यावर ती उघडते की मागे ढकलल्यावर, हे जागोजागी वेगळं. टॉर्च मारला की कळतं. झडप सताड उघडी असूनही पहिला धूर कधी कधी खोलीतच येतो, कारण धुराड्यात थंड, जड हवा ठाण मांडून बसलेली असते. वर्तमानपत्राची सुरळी पेटवून मिनिटभर झडपेखाली धरावी. ज्योत वर ओढली जाऊ लागली, की वाट मोकळी झाली. मग दोन फाळकी आडवी, मध्ये काटक्या, वर एक फाळकं, आणि अधूनमधून हवेला जागा. सुक्या लाकडात वीस टक्क्यांहून कमी ओल असते. ते मोजायचं यंत्र कोण बाळगणार? दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. सुकं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द. ओल्याच्या टोकांतून फेस येतो आणि खोलीत डोळे चोळणारी माणसं उरतात. विकत मिळणारा लहान गठ्ठा दोन तासांत संपतो, म्हणून संध्याकाळला दोन-तीन घ्यावेत. ऊब राहावी म्हणून झोपताना झडप बंद करणं मात्र जिवावरचं आहे. निखारे आहेत तोवर कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

स्वयंपाकघरात गाठ असते ती विजेच्या कॉइलशी. बंद केली तरी ती चांगली दोन-तीन मिनिटं तापलेली राहते. मोहरी तडतडल्यावर बटण फिरवून निर्धास्त झालं की हिंग जळतो, मिरची खाट उठवते आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंबलू लागतो. बटण फिरवायचं ते फिरवावंच, पण भांडं आधी उचलून बाजूला ठेवावं. कुकरलाही हाच नियम. याहून सोपं म्हणजे फोडणी घरूनच करून बाटलीतून न्यावी. चौघांच्या मऊ खिचडीला दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ आणि आठ वाट्या पाणी पुरतं; वरून ती फोडणी. काही बहाद्दर अलार्मची बॅटरीच काढून ठेवतात. ज्या घरात रात्रभर निखारे धुमसणार, तिथे हा शुद्ध वेडेपणा आहे.

खाऊच्या पिशव्या गाडीत ठेवू नयेत, या जंगलांत काळी अस्वलं आहेत. चिवडा-लाडू घट्ट झाकणाच्या डब्यांत, घरात. उंदरांसाठीही तेच बरं. रात्री उतरत्या थंडीने ओंडके कडकड वाजतात, त्यासाठी कुणाला उठवू नये. आकाश निरभ्र असेल तर दिवे मालवून वीस मिनिटं बाहेर थांबावं. डोळे सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि अंधाऱ्या आकाशासाठी वाटोगाला २०२१ साली आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली आहे.

सकाळी निघताना राख भरण्याचा सोज्वळपणा दाखवू नये. वरून गार वाटणाऱ्या राखेत निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. प्लास्टिकच्या पिशवीत भरली तर पिशवी जळते, डेकवर ठेवली तर डेकही. उरलेली लाकडंही गाडीत टाकायची नाहीत, कितीही पैसे मोजलेले असोत. ॲश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला, त्यानंतर त्याने कोट्यवधी झाडं मारली. त्याच्या अळ्या सालीखाली असतात आणि अशाच गठ्ठ्यांतून त्या दूरदूर गेल्या. लाकूड गावातच घ्यावं, तिथेच जाळावं. उरलेलं वळचणीला कोरड्या जागी रचून ठेवलं, की पुढच्या मंडळींच्या उपयोगी पडतं.