शंकरपाळ्यांचा श

परवा दुपारी भाच्याने एका मिठाईवाल्याची वेबसाइट करून दाखवली. अर्ध्या तासात, माऊसने इकडचं तिकडे ओढून. दिसत होती छान. फक्त ‘चिरोटे’ या शब्दाच्या शिरोरेषेवरचं सगळं छाटलं गेलं होतं, वेलांटीची कमान आणि मात्राही. शिवाय अक्षरांमध्ये ऐसपैस अंतर, त्यामुळे शिरोरेषेला जागोजागी खिंडारं.

“मामा, टेम्प्लेटमध्ये तसंच येतं.”

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पेंटर बसायचे. खडू लावलेला दोरा पाटीवर ताणून टिचकी मारायचे, की रेघ उमटायची. मग मनगट काठीवर टेकवून एकेक अक्षर. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, शक्यतो ब्रश न उचलता. तेव्हा कोणी हाक मारलेली चालायची नाही. मी एकदा विचारलं, “काका, किती वाजले?” उत्तर रेघ संपल्यावर मिळालं. “पळ.”

पुढे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी दुसऱ्यांच्या पानांचा ‘व्ह्यू सोर्स’, म्हणजे पानामागचा कोड, उघडून बसायचो. नोटपॅडमध्ये उतरवायचं, रंगाच्या जागी दोन एफ आणि चार शून्यं टाकायची, की मथळा लालभडक. कोड हाताने लिहायची खोड तेव्हापासूनची. गंमत म्हणजे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधन संस्थेत लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्येच पानं तयार करायची सोय होती. टॅग, म्हणजे कोडातल्या खुणा, हाताने लिहीत बसावं असा त्यांचा बेत नव्हताच. म्हणजे माझ्या हट्टाला मूळपुरुषाचाही आशीर्वाद नाही.

पण माऊसने ओढून जुळवलेल्या चित्रात ‘खुसखुशीत शंकरपाळे’ नेहमी एका ओळीत मावतात. फोनवर नाही मावत. एखाद्या आजींनी अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं, तिथे तर मुळीच नाही. शब्द कुठे मोडेल, मोडल्यावर काय होईल, हे मला लिहिल्याशिवाय कळत नाही. माझं डोकंच तसं आहे, दुसऱ्या कोणाचं नसेल.

तर मी कोड उघडला. ओळीची उंची वाढवली, अक्षरांमधलं अंतर शून्य केलं. चिरोट्यांना डोकं आलं. मग अगदी वरच्या ओळीत पाहिलं, तर पानाची भाषा इंग्रजी! ‘ईएन’ खोडून ‘एमआर’ लिहिलं. त्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी, दोन्ही वळणं होती. पान पुन्हा उघडलं आणि लाडवांचा दंडाचा ल गेला, आपला पाकळीचा ल आला. शंकरपाळ्यांचा श सुद्धा मराठी झाला. राज्य सरकारने २००९ साली हीच वळणं प्रमाण ठरवली, पण मला आठवली ती पाटी. इतका आनंद झाला की भाच्याला हाक मारून दाखवलं.

त्याने दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. “हो, आहे खरं वेगळं,” म्हणाला. “पण कोणाच्या लक्षात येणार?”

संध्याकाळी मिठाईवाल्यांचा फोन आला. पान आवडलं होतं.

“फक्त साहेब, शंकरपाळ्यांचा भाव चुकलाय. चारशे नाही, चारशे चाळीस.”

तो आकडा टेम्प्लेटमध्ये बरोबर होता.