पावणेदोन किलोचा हंडा, साडेपाच किलोचं बिल

धनत्रयोदशीच्या आधी आमच्या लोणीकंदच्या गोदामात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. नेमके तेव्हाच तांबट आळीतले काका बिल घेऊन थेट पॅकिंग टेबलाशी आले. भांडी घडवतात ते. ऑनलाइन ऑर्डरींची साठवण, पॅकिंग, कुरिअर हे सगळं आमच्याकडे.

"ताई, हंडा पावणेदोन किलोचा. साडेपाच किलोचे पैसे कुठून लावलेत?"

हा प्रश्न आम्हाला नवा नाही. कुरिअरवाले वजन आणि आकारमान दोन्ही बघतात. जे जास्त भरेल त्याचे पैसे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कंपन्या त्याला ५००० ने भागतात. आमचा खोका तिन्ही बाजूंनी ३०, म्हणजे ५.४ किलो. पुढचा अर्ध्या किलोचा टप्पा साडेपाच.

"म्हणजे मी हवेचं भाडं भरतोय!"

म्हटलं, "काका, बबल रॅप कमी केला तर पोचे पडतील. माल परत आला की जायचं-यायचं भाडं तुमच्याच अंगावर."

त्यांनी सरळ खोका फोडला. पोटावरच्या मठारकामावरून, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या नक्षीवरून, बोट फिरवत म्हणाले, "ठोक्यांनी पत्रा टणक होतो. हे सहजी चेपत नाही. चेपतो तो काठ. तुम्ही गादी सगळी पोटाला बांधलीय, काठ उघडाच!"

होतंच तसं. मग काठाला जाड पुठ्ठ्याची पट्टी, पोटाला एकच वेढा, आणि मोठा खोका कापून २६ × २६ × २४ चा केला. काकांनी तो कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर सोडला. मग उलटा, मग आडवा. पॅकिंगच्या पोरी हातातलं काम टाकून बघत होत्या. हंड्याला काही झालं नाही. नवा हिशोब ३.२४, म्हणजे साडेतीन किलो.

करार करताना सगळे किलोमागच्या दरावर घासाघीस करतात, खोक्याचं माप कुणी विचारत नाही. आणि मोजक्याच मापांचे खोके ठेवणं आमच्या सोयीचं असतं, हेही खरं.

नव्या खोक्यांचा खर्च निम्मा-निम्मा ठरला. मागच्या बिलातून मात्र काही सुटलं नाही. कुरिअरच्या मशीनने ३० मोजले होते आणि खोका खरंच ३० चा होता. काकांनी कुरकुरत सही केली आणि रॅककडे वळले.

"आता घंगाळाचा खोका काढा."

ट्रक तासाभरात लागणार होता.